नाताळातील मावळची स्वारी

मुळशीच्या उत्तरेस मावळ लागते. तेथे खंडाळ्याच्या माथ्यावर इ. स. १७७८ चा नाताळ इंग्रजी फौजेने काढला. राघोबादादांस पुण्याच्या कारभारावर बसविण्यासाठी मुंबईकरांनी सुमारे ३,९०० लोक व १९,००० बैल घेऊन ही स्वारी काढली होती. २३ डिसेंबरला घाट चढून आलेल्या या सैन्यास आठ मैलांवरील कार्ले गाठण्यास अकरा दिवस लागले.

मराठ्यांनी निर्णायक लढाई दिलीच नाही. सामानाच्या लांबलचक रांगेवर घाले घालावयाचे आणि फौज वळली की दूर व्हावयाचे, हाच त्यांचा क्रम. ४ जानेवारीस कार्ल्यास कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. शत्रूच्याही शौर्याची बूज राखणाऱ्या मराठ्यांनी त्यास ‘इष्टुर फाकडा’ म्हटले. ९ तारखेस इंग्रज तळेगावी पोचले, तो गाव जळून गेलेला! पुणे अवघ्या १८ मैलांवर असता ते मागे फिरले, जड तोफा तळ्यात लोटल्या आणि वडगावास वेढले जाऊन तह करते झाले.

या विजयाचे श्रेय आपण नाना फडणीस व महादजी शिंदे यांस देतो, आणि ते यथार्थच आहे. परंतु तळेगाव जाळले ते आपल्याच लोकांनी; प्रसंग पडल्यास चिंचवड व पुणेही जाळण्याची तयारी होती. ज्या रयतेने आपली घरेदारे गमावून शत्रूची वाट निष्फळ केली, तिचा वाटा मांडल्यावाचून वडगावचा इतिहास पुरा होत नाही.