यंग, सर चार्ल्स मॉरिस

(९ डिसेंबर १८९९ – १७ मार्च १९८६). ब्रिटिश सागरी प्राणिवैज्ञानिक. प्रवाळ आणि त्यांच्या ऊतकांत राहणारी एककोशिक शैवले यांच्या सहजीवनावरील प्रायोगिक संशोधनाबद्दल व ग्रेट बॅरिअर रीफ मोहिमेच्या (१९२८-२९) नेतृत्वाबद्दल विशेष प्रसिद्ध. जन्म यॉर्कशरमधील वेकफील्डजवळ. एडिंबरो विद्यापीठातून पीएच्.डी. (१९२४) मिळविल्यावर त्यांनी प्लिमथ येथील सागरी जीववैज्ञानिक प्रयोगशाळेत शिंपाधारी प्राण्यांचे अन्नग्रहण व पचन यांचा अभ्यास केला. प्राणी अन्न कसे मिळवितो, हाच प्रश्न पुढे त्यांच्या प्रवाळविषयक संशोधनाच्याही केंद्रस्थानी राहिला.

चार्ल्स डार्विन यांनी १८४२ मध्ये प्रवाळद्वीपांच्या उत्पत्तीचा सिद्धांत मांडल्यापासून प्रवाळभित्तींचा विचार मुख्यतः भूवैज्ञानिक दृष्टीने होत असे. भित्ती रचणाऱ्या सजीवांच्या पोषणाचा, वाढीचा व प्रजननाचा त्यांच्या निवासस्थानीच दीर्घकाळ अभ्यास क्वचितच झाला होता. ही उणीव भरून काढण्यासाठी यंग यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांच्या एका पथकाने क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगतच्या लो आइल्स या बेटांवर जुलै १९२८ पासून सु. एक वर्ष मुक्काम केला. पथकात प्लवकांचे अभ्यासक एफ्. एस्. रसेल, सागरी रसायनशास्त्रज्ञ ए. पी. ऑर, शीना मार्शल, प्राणिवैज्ञानिक टी. ए. स्टीव्हन्सन, सिडनी मँटन इत्यादींचा समावेश होता. यंग यांच्या पत्नी मॅटी या मोहिमेच्या वैद्यकीय अधिकारी होत्या. एकाच भित्तीचे पाणी, प्लवक, गाळ, प्राणी व भूरूप यांची वर्षभर एकत्रित पाहणी झाल्यामुळे प्रवाळभित्तीकडे एक परिसंस्था म्हणून पाहण्याचा पाया घातला गेला.

यंग यांनी ए. जी. निकल्स यांच्या सहकार्याने प्रवाळांच्या पोषणावर प्रयोग केले. झूझँथेली नावाची शैवले प्रवाळाच्या कोशिकांत असतात, हे पूर्वीच ज्ञात होते. परंतु प्रवाळ ती पचवितो काय, याविषयी मतभेद होते. काही प्रवाळ अंधारात व काही प्रकाशात उपाशी ठेवले असता असे दिसून आले की, अंधारातील प्रवाळ शैवले पचवीत नाही, तर शरीराबाहेर टाकतो. तसेच प्राणिज अन्न मिळाल्यास तो शैवलांवाचूनही जगतो. यावरून प्रवाळ हा पूर्णतः मांसाहारी असून शैवलांचा मुख्य उपयोग त्याच्या शरीरातील कार्बन डाय-ऑक्साइड, फॉस्फेटे इ. त्याज्य पदार्थ शोषून घेण्यापुरताच आहे, असा निष्कर्ष यंग यांनी काढला.

हा निष्कर्ष पुढे अपुरा ठरला. शैवले पचविली जात नाहीत हे खरे असले, तरी ती जिवंतपणीच आश्रयदात्याला अन्न पुरवू शकतात, ही शक्यता तत्कालीन साधनांनी तपासणे कठीण होते. किरणोत्सर्गी कार्बन उपलब्ध झाल्यावर लेनर्ड मस्कॅटीन व कॅडेट हँड यांनी १९५८ मध्ये समुद्रपुष्पातील शैवलांकडून प्रकाशसंश्लेषणाची उत्पादने प्राण्याकडे जातात, हे दाखविले. नंतर प्रवाळांतही तसेच आढळले. जमेकामध्ये टॉमस गोरो यांनी किरणोत्सर्गी कॅल्शियम वापरून शैवलयुक्त प्रवाळाचा सांगाडा प्रकाशात अधिक वेगाने बनतो, हे सिद्ध केले (१९५९). यंग यांनी या नव्या तंत्रांकडे पाठ फिरविली नाही. गोरो व त्यांच्या पत्नी नोरा यांच्या सहकार्याने प्रवाळ व राक्षसी शिंपला (ट्रायडॅक्ना) यांवर लिहिलेले त्यांचे निबंध १९७१ व १९७३ मध्ये, गोरो यांच्या मृत्यूनंतर (१९७०), प्रसिद्ध झाले. ट्रायडॅक्नाच्या प्रावारातील शैवलांनी बनविलेली द्रव्ये शिंपला वापरतो, असे त्यांत दाखविलेले आहे.

यंग यांच्या स्पष्टीकरणापेक्षा त्यांचे एक निरीक्षण अधिक टिकून राहिले. तापमान फार वाढले असताही प्रवाळ शैवले बाहेर टाकून फिकट पडतो, अशी नोंद यंग व निकल्स यांनी १९३१ मध्ये केली होती. प्रवाळांच्या विरंजनाविषयीच्या आरंभीच्या प्रायोगिक नोंदींत तिची गणना होते. शैवले गमावलेला प्रवाळ अन्नाच्या प्रमुख स्रोताला मुकतो. उष्णता दीर्घकाळ टिकल्यास तो मरतो. १९९८ मध्ये लक्षद्वीपसह जगातील अनेक भित्तींचे, तसेच २०१६ मध्ये ग्रेट बॅरिअर रीफचे व्यापक विरंजन झाले, तेव्हा लो आइल्सवरील प्रयोगांचे महत्त्व नव्याने लक्षात आले.

यंग हे ब्रिस्टल (१९३३–४४) व ग्लासगो (१९४४–६४) येथील विद्यापीठांत प्राणिविज्ञानाचे प्राध्यापक होते. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व (१९४६), ‘सर’ हा किताब (१९६७), डार्विन पदक (१९६८) व एडिंबरोच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद (१९७०–७३) हे त्यांना मिळालेले प्रमुख बहुमान होत. डेव्हिड स्टॉडर्ट यांच्यासमवेत त्यांनी हिंदी महासागरातील प्रवाळभित्तींवरील निबंधसंग्रह संपादित केला (१९७१). त्यात भारताचा आग्नेय किनारा व लक्षद्वीप येथील प्रवाळांवर सी. एस्. गोपिनाथ पिल्लै यांचा निबंध आहे. अ यिअर ऑन द ग्रेट बॅरिअर रीफ (१९३०), द सी शोअर (१९४९) व ऑयस्टर्स (१९६०) हे त्यांचे उल्लेखनीय ग्रंथ होत. ते एडिंबरो येथे मृत्यू पावले.