छावणीतील पाटी

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या मार्गावर, भनपुरी हा भाग आहे. ही कारखान्यांची वस्ती आहे. पाळी सुटण्याच्या वेळी येथील रस्त्यावर छत्तीसगढी आणि हिंदी यांच्या जोडीने ओडिया, भोजपुरी, बंगाली अशा अनेक बोली कानी पडतात. कामाच्या शोधात आलेला मनुष्य येथे नवी भाषा शिकतो ती पुस्तकातून नव्हे. यंत्रापाशी, चहाच्या टपरीवर, किराण्याच्या दुकानात ती त्याच्या कानांवर पडते आणि हळूहळू जिभेवर येते. या शिक्षणाला अक्षराची गरज नसते. मात्र हाच मनुष्य दहा वर्षांचा असेल, त्याच्या हाती पाटी असेल आणि त्या पाटीवर त्याच्या आईच्या भाषेतले एकही अक्षर उमटण्यापूर्वी परक्या भाषेची अक्षरे गिरवण्याची वेळ त्याच्यावर आली असेल, तर काय घडते? या प्रश्नाचे उत्तर शहराच्या दुसऱ्या टोकाला, माना येथे, शोधावे लागते.

दुसरी भाषा आत्मसात करणे ही रायपूरला नवी गोष्ट नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून येथे मराठी कुटुंबे स्थायिक झाली. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, तरी ती येथेच राहिली. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) हे अशाच मराठी भाषकांपैकी. १९०० मध्ये पेंड्रा येथून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. पुढे ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ यांचे हिंदी अनुवाद केले. दोन भाषांवरील त्यांचे प्रभुत्व असामान्य होते, परंतु त्यांची वाट निर्वेध होती हेही विसरता येत नाही. घरात मराठी ग्रंथांची परंपरा होती, दोन्ही भाषांची लिपी एकच होती आणि शाळेचे संस्कार लहानपणापासून झाले होते. त्यांच्यासाठी दुसरी भाषा म्हणजे बांधलेल्या घरावर चढवलेला दुसरा मजला होता. मानाच्या छावणीत आलेल्या मुलांचा पायाच घातला गेला नव्हता.

१९५८ मध्ये केंद्र शासनाने दंडकारण्य प्रकल्प हाती घेतला. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या आणि पश्चिम बंगालमध्ये सामावू न शकलेल्या निर्वासितांना बस्तर व कोरापुटच्या अरण्यमय प्रदेशात वसवावे, असा त्यामागील विचार होता. १९६३ च्या डिसेंबरात श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातील पवित्र अवशेष नाहीसा झाला. त्याचे पडसाद जानेवारी १९६४ मध्ये खुलना, ढाका, नारायणगंज येथील दंगलींत उमटले आणि निर्वासितांचा नवा लोंढा सीमा ओलांडून आला. त्यातील पुष्कळांना आगगाडीने थेट रायपूरला आणून माना व परिसरातील छावण्यांत ठेवण्यात आले. १९७१ मध्ये या छावण्या पुन्हा भरल्या. त्या वेळी आलेल्यांपैकी बहुतेक बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर परतले, आधीचे मात्र येथेच राहिले.

या निर्वासितांत नमःशूद्र शेतकरी व कोळी यांची संख्या मोठी होती. नद्यांच्या, भातखाचरांच्या मुलखातून आलेली ही कुटुंबे. लिहिण्यावाचण्याची परंपरा त्यांच्यापैकी थोड्यांच्याच घरी होती. ज्या मुलांनी गावी शाळा पाहिली होती, त्यांचीही ती दंगलीत, प्रवासात, एका छावणीतून दुसऱ्या छावणीत जाताना तुटली होती. शिवाय त्यांची मातृभाषा आणि पुस्तकी बंगाली यांत अंतर होते. कोलकात्याचे पुस्तक ‘आमि जाबो’ म्हणे. पूर्व बंगालचे मूल घरी ‘आमि जामु’ म्हणत असे. पुस्तकातील बंगाली हीच या मुलांची पहिली ‘दुसरी भाषा’ होती. हिंदी त्यानंतरची.

छावणीबाहेरचे जग मात्र त्यांना तितके परके नव्हते. हिंदीत घर पुल्लिंगी आणि गाय स्त्रीलिंगी. ‘मेरा घर’, पण ‘मेरी गाय’. बंगालीत असा व्याकरणिक लिंगभेद नाही, त्यामुळे हिंदी बोलताना बंगाली मूल पावलोपावली अडखळते. छत्तीसगढीत मात्र घरही ‘मोर’ आणि गायही ‘मोर’. बारिशालकडील मुलाच्या घरच्या बोलीतही ‘माझे’ या अर्थी ‘मोर’ हाच शब्द. छत्तीसगढी शेतकरी ‘हमन जाबो’ म्हणतो, तेव्हा त्यातला ‘जाबो’ बंगाली कानाला ओळखीचा वाटावा. मागधी-अर्धमागधीच्या प्राचीन नात्याची ही खूण होय. आठवड्याच्या बाजाराची भाषा या मुलांना शाळेच्या भाषेहून जवळची होती. परंतु बाजाराच्या भाषेला पाठ्यपुस्तकात स्थान नव्हते आणि मुलाने जे सहज मिळवले होते त्याला परीक्षेत गुण नव्हते.

शाळेत गाठ पडे ती अक्षराशी. देवनागरी ‘व’ हा बंगाली ‘ब’सारखा दिसतो. अर्धवट अक्षरओळख झालेले मूल ‘वन’चा उच्चार ‘बन’ असा करी, तर त्यात मंदबुद्धी नव्हती. अर्धी राहिलेली पहिली शाळा त्यात बोलत होती. ज्याला एकही अक्षर ठाऊक नव्हते त्याची अडचण याहून खोल होती. १९७९ मध्ये जोझे मोराइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्तुगालमधील निरक्षर प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शब्दातील पहिला ध्वनी वगळून उरलेला शब्द उच्चारा, असे सांगितले असता ही माणसे गोंधळून जात. त्यांच्यासारखीच परिस्थिती असलेल्या, पण मोठेपणी वाचायला शिकलेल्या माणसांना ते पुष्कळ अंशी साधे. या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मार्था बिगेलो, इलेन टॅरोन आदी अभ्यासकांनी सोमाली निर्वासित तरुणांचे इंग्रजी तपासले. शिक्षकाने बोलता बोलता चूक दुरुस्त करून वाक्य पुन्हा उच्चारले, की कमी साक्षर तरुणांना तो बदल नेमका टिपून पुन्हा म्हणणे अधिक कठीण जाई, असे त्यांना आढळले. अक्षर हे केवळ ध्वनीचे चित्र नव्हे. ध्वनी वेगळा काढून न्याहाळण्याची ती दृष्टी आहे. ही दृष्टी मनुष्याला बहुधा एकदाच मिळवावी लागते आणि जी भाषा समजते तिच्यातच ती सुलभपणे मिळते.

हे ज्ञान त्या काळी अगदीच अनुपलब्ध होते असे नाही. १९५३ मध्ये युनेस्कोच्या तज्ज्ञांनी आरंभीचे शिक्षण मातृभाषेत असावे, असे निःसंदिग्धपणे म्हटले होते. १९५६ मध्ये भारतीय संविधानात ३५०-क हा अनुच्छेद समाविष्ट झाला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी पुरवण्याचे प्रयत्न राज्यांनी करावेत, असे तो सांगतो. वसाहतींत बंगाली शाळा निघाल्याही. अडचण होती ती छावणी या कल्पनेतच. माना ही वाटेवरची जागा होती. तेथून कुटुंबे पुढे जायची होती. प्रशासनाच्या दृष्टीने ती काही महिन्यांची प्रतीक्षा असेल, पण ती वर्षांवर गेली. मोठ्या माणसाचे एक वर्ष वाया गेले तर ते भरून काढता येते; सातव्या वर्षी न मिळालेले अक्षर सतराव्या वर्षी निराळ्याच किमतीला मिळते. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. तीही छावणीच होती आणि तीही तात्पुरतीच. परंतु तेथे पोलिश भाषेतील शाळा नीट चालल्या आणि तेथील मुले जगाच्या पाठीवर जिथे गेली तिथे आपले अक्षर बरोबर घेऊन गेली.

मानाहून कुटुंबे पांगली. कोणी बस्तरमधील परलकोट व कोंडागावला, कोणी ओडिशातील उमरकोट व मलकानगिरीला गेली. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीतील मुलचेरा, चामोर्शी या भागातही बंगाली निर्वासितांच्या वसाहती झाल्या. एकाच छावणीतल्या दोन भावंडांपैकी एकाने पुढे ओडिया शिकावी आणि दुसऱ्याने हिंदी, अशी ही वाटणी होती. बस्तरच्या बाजारात त्यांना हलबी भेटली, जिची गणना ग्रियर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात मराठीच्या कक्षेत केली होती. गडचिरोलीत प्रत्यक्ष मराठी भेटली. बंगाली ‘गेलो’ आणि मराठी ‘गेला’ यांत एका स्वराचेच अंतर आहे; पण मराठीची तीन लिंगे शिकताना त्या मुलांची किती दमछाक झाली असेल याचा विचार मराठी वाचकाने सहसा केलेला नाही.

१९७८ मध्ये लाखाहून अधिक निर्वासित दंडकारण्य सोडून बंगालकडे निघाले. त्यांपैकी काही हजार सुंदरबनातील मरिचझापी बेटावर पोहोचले. शासनाची मदत नसताना त्यांनी तेथे स्वतःच्या श्रमाने ज्या गोष्टी उभ्या केल्या त्यांत दवाखाना होता, मासेमारीची व्यवस्था होती आणि शाळाही होती. मे १९७९ मध्ये बळाचा वापर करून बेट रिकामे करण्यात आले. अन्नपाण्याची भ्रांत असलेल्या लोकांनी शाळेची वाट पाहिली नाही, या एका गोष्टीतून छावणीत काय हुकले होते ते कळते.

बारिशालमध्ये जन्मलेले लेखक मनोरंजन ब्यापारी यांचे बालपण बंगालमधील निर्वासित छावणीत गेले. त्यांच्या वाट्याला शाळा आली नाही. विशीनंतर, तुरुंगात, जमिनीवर अक्षरे काढीत ते लिहायला शिकले. पुढे सायकलरिक्षा ओढीत असताना महाश्वेता देवींशी भेट झाली आणि त्यांच्या ‘बर्तिका’त ते लिहू लागले. नंतर ते छत्तीसगढमध्येही राहिले. त्यांचे यश थोर आहे. मात्र ते दाखवून छावणीचे समर्थन करता येणार नाही. अशी वाट एखाद्यालाच सापडते. बाकीच्यांनी भाषा शिकल्या, दोन-दोन, तीन-तीन शिकल्या, त्यांत मोलभाव केले, संसार केले आणि सरकारी कागदावर मात्र अंगठाच उमटवला. ती मुले भाषेत कधीच मागे नव्हती. त्यांची पाटी तेवढी कोरी राहिली होती आणि ती त्यांनी कोरी ठेवली नव्हती.