तुंगारेश्वराचं देणं

पहिला पाऊस पडून गेला की विरार स्टेशनाबाहेर शेवळं येतात. जांभळट-तपकिरी कोंबांची जुडी आणि सोबत काकडाची मूठभर हिरवी फळं. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो, काकडांच्या आंबटपणानं ती खाज मरते. म्हणून विकणारी बाई दोन्ही एकत्रच विकते. पंधरा-वीस दिवसांचा हा मोसम. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं की ही बाई पहाटेच्या अंधारात तुंगारेश्वरच्या डोंगरातल्या रानातून उतरली आहे.

आजीच्या लहानपणी या बायका शेवळांइतकीच लाकडंही आणत. पारोळ-शिरवलीकडून डोक्यावर मोळी घेऊन चालत यायच्या, सोपाऱ्याच्या वाड्यांत मोळी उतरवायच्या आणि तांदूळ, मीठ, सुकी मासळी घेऊन परत जायच्या. आजी म्हणायची, "आपली चूल त्यांच्या डोक्यावरून आली, बाळा." मासळीचा वाटा ती हातानं मोजून देई, आणि दोन बोंबील वर टाकी.

आजोबांच्या गोष्टी मात्र कोळशाच्या भट्ट्यांच्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली, मोटारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या आणि डोंगरात रात्रभर भट्ट्या धुमसू लागल्या. ठेकेदाराला झाडाचा पैसा रोख मिळे. तोडणाऱ्याची मजुरी जुन्या कर्जात वळती होई. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी वारली, काथोडी, मल्हार कोळी घरं पिढ्यान् पिढ्या राबली. वेठबिगारी 1976 साली कायद्यानं बंद झाली, तरी वसई तालुक्यात तिच्याविरुद्ध लढायला 1982 साली विवेक आणि विद्युल्लता पंडितांना श्रमजीवी संघटना उभारावी लागली. जंगलात पैसा तेव्हाही होता. पाड्यावर तो थांबत नव्हता, एवढंच.

2003 साली याच डोंगरात तुंगारेश्वर अभयारण्य झालं, सुमारे 85 चौरस किलोमीटरचं. एका अंगाला बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या अंगाला तानसा. मला यात बिबट्याइतकीच पाड्यावरची कणगी दिसते. आषाढ-श्रावणात ती तळाला लागते, नवं भात अजून शेतात असतं, आणि नेमकं तेव्हा रान कोरळ, टाकळा, कुर्डू, कंटोली देतं. उन्हाळ्यात मोह, करवंदं, जांभळं, आवणीआधीच्या राबाला पालापाचोळा. घरी शिजलेल्या भाजीची पावती कुठेच फाटत नाही, म्हणून तिची किंमत शून्य धरली जाते. ती बाजारातून आणावी लागली असती तर त्या दोन महिन्यांत पुन्हा कुणा सावकाराच्या दारात उभं राहावं लागलं असतं.

पाण्याचंही तसंच. वसई-विरार शहराला मोठा पुरवठा सूर्या नदीचा. पण पेल्हार आणि उसगावची धरणं याच डोंगररांगेच्या पायथ्याशी भरतात. उतारावर झाडं टिकली तर माती जागेवर राहते, धरणात गाळ कमी येतो. त्याचा लाभ आम्ही नळ सोडून घेतो.

2006 च्या वनहक्क कायद्यानं अभयारण्यातही गौण वनोपज गोळा करायचा आणि विकायचा हक्क दिला आहे. तो हक्क विरारच्या फुटपाथपर्यंत पोहोचायला हवा: बसायला ठरलेली जागा, डोक्यावर छप्पर, उठवणारं कुणी नाही. आणि पाणीपट्टीतला काही हिस्सा धरणांवरच्या पाड्यांच्या ग्रामसभांकडे दरवर्षी जावा. आम्ही पाणी पितो, तर हे पैसे आम्ही द्यायलाच हवेत.