उलट्या फिरलेल्या चकतीची कुळकथा

पेण तालुक्यातल्या जोहे गावात विजेचं वर्ष गणपतीच्या हिशेबानं चालतं. हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात घरोघरी मूर्तींचे कारखाने आहेत. माघापर्यंत साच्यांचं काम, मग घासकाम, आणि ज्येष्ठ लागला की रंग. आषाढ-श्रावणात कंप्रेसर दिवसभर चालतो, डोळ्यांच्या आखणीसाठी रात्र रात्र दिवे जळतात, आणि हवाच ओली असल्यामुळे रंग वाळवायला पंखे लागतात. म्हणजे विजेची गरज नेमकी तेव्हा वाढते, जेव्हा सूर्य ढगाआड असतो. अशा गावात छपरावर सौर पॅनेल टाकून बिल कमी होईल, हे ऐकायला पटत नाही. तरी ते होऊ शकतं. ते कशामुळे, हे समजून घ्यायचं तर दोन वंशावळी पाहाव्या लागतात. एक पॅनेलची, दुसरी मीटरची. गौरव सगळा पहिलीच्या वाट्याला येतो. बिल मात्र दुसरी कमी करते.

पॅनेलचं मूळ १८३९ सालचं. एदमाँ बेकरेल हा एकोणीस वर्षांचा फ्रेंच तरुण वडिलांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्टीवर प्रकाश पडला की विजेचा प्रवाह वाढतो, हे त्याच्या ध्यानात आलं. पुढे चार्ल्स फ्रिट्स यांनी १८८३ मध्ये सेलेनियमवर सोन्याचा अतिशय पातळ थर देऊन घट तयार केले आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये एका छपरावर मांडले. पडलेल्या प्रकाशातला जेमतेम शंभरावा भाग विजेत उतरत होता. सोनं लावून एवढीच वीज, म्हणजे ते कुणाच्या घरी पोचणार नव्हतंच.

आजचं पॅनेल जिथून निघालं ती जागा म्हणजे अमेरिकेतली बेल प्रयोगशाळा. तिथल्या डॅरिल चॅपिन यांच्यापुढचा प्रश्न आपल्या कोकणाला अगदी जवळचा आहे. दमट, उष्ण प्रदेशांतल्या दूरध्वनी यंत्रणेच्या कोरड्या बॅटऱ्या हवेतल्या ओलाव्यानं लवकर खराब होत, आणि त्यांना पर्याय हवा होता. चॅपिन यांनी सेलेनियम वापरून पाहिलं, ते पुरेना. त्याच संस्थेत केल्विन फुलर आणि जेराल्ड पीअरसन सिलिकॉनवर काम करत होते. तिघांनी मिळून केलेला सिलिकॉनचा घट २५ एप्रिल १९५४ रोजी जगापुढे आला. त्याची कार्यक्षमता होती सुमारे सहा टक्के. दमट हवेच्या अडचणीतून जन्मलेली वस्तू सत्तर वर्षांनी कोकणातल्या छपरावर चढते आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

मधली वर्षं ही वस्तू जमिनीवर फारशी नव्हतीच, कारण वॅटमागे शेकडो डॉलर पडत. १९५८ सालचा व्हॅनगार्ड-१ हा सौर घटांवर चाललेला पहिला उपग्रह, आणि आपल्या आर्यभटालाही १९७५ मध्ये सौर घटच होते. उपग्रहाला किंमत परवडते, घराला नाही. साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीनं १९७७ मध्ये भारतातला पहिला सौर घट आणि १९७८ मध्ये पहिलं पॅनेल बनवलं. पुढे जर्मनीनं २००० साली कायद्यानं सौर विजेला वीस वर्षांचा ठरलेला दर दिला, मागणी उसळली, चीनमध्ये प्रचंड कारखाने उभे राहिले आणि भाव कोसळले. पॅनेलची वंशावळ इथवर आली तरी एक प्रश्न तसाच राहतो. दुपारी घरात माणसं नसताना तयार झालेल्या विजेचं करायचं काय? बॅटरीत साठवावी तर बॅटरी महाग, आणि काही वर्षांत ती बदलावी लागते.

याचं उत्तर मीटरमध्ये आधीपासूनच बसलेलं होतं. बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातले ओट्टो ब्लाथी यांनी १८८९ मध्ये जो मीटर बनवला, त्याच घराण्यातला मीटर आपल्याकडे गेल्या पिढीपर्यंत प्रत्येक घराच्या ओटीवर लटकत होता. आत दोन गुंडाळ्या, त्यांच्यामध्ये एक हलकी धातूची चकती. एक गुंडाळी व्होल्टेजची, दुसरी प्रवाहाची. दोघींच्या चुंबकीय ओढीनं चकती फिरते, जितकी वीज घरात शिरते तितक्या वेगानं. वीज जर घरातून बाहेर, तारेकडे वाहू लागली, तर ओढीची दिशा बदलते आणि चकती उलटी फिरते. ब्लाथींच्या काळी घरातून वीज बाहेर जाण्याचा प्रसंगच नव्हता, त्यामुळे हा गुण नव्वद वर्षं निरुपयोगी पडून राहिला.

तो कामाला आला अमेरिकेत. वीज कंपन्यांनी छोट्या उत्पादकांना आपल्या तारेशी जोडून घ्यावं, असा कायदा तिथे १९७८ मध्ये झाला. स्टीव्हन स्ट्राँग या वास्तुविशारदानं मॅसॅच्युसेट्समधल्या कार्लाइल गावी १९८१ मध्ये छपरावर साडेसात किलोवॅटची पॅनेलं असलेलं घर उभं केलं. ते घर तारेला जोडलेलं होतं. दुपारी जास्तीची वीज बाहेर, रात्री तीच परत आत. दोन वर्षांनी, १९८३ मध्ये, मिनेसोटा राज्यानं हा हिशेब कायद्यात बसवला. हे नेट मीटरिंग. दिलेली आणि घेतलेली वीज एकमेकांतून वजा करायची, आणि उरेल त्याचं बिल. या कथेतला सर्वांत महत्त्वाचा शोध मला हाच वाटतो, कारण सामान्य माणसाच्या छपराला बॅटरीच्या खर्चातून त्यानं सोडवलं.

महाराष्ट्रात राज्य वीज नियामक आयोगाचे नेट मीटरिंगचे नियम सप्टेंबर २०१५ मध्ये आले, आणि २०१९ मध्ये नवे नियम झाले. चकती आता गेली. तिच्या जागी दोन्ही बाजूंनी मोजणारा डिजिटल मीटर आहे, आणि बिलावर आयात युनिट व निर्यात युनिट असे दोन आकडे येतात. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची पीएम सूर्यघर मोफत वीज योजना आली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये साताऱ्याच्या पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी हे राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरलं.

रायगडच्या माणसानं या गोष्टीकडे आणखी एका बाजूनं पाहावं. वीज या जिल्ह्याला नवी नाही. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये आणि भिऱ्याचं १९२७ मध्ये. ही वीज घाटाच्या पायथ्याशी तयार व्हायची आणि तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे जायची. भिऱ्याला पाणी मुळशीच्या धरणातून येतं. त्या धरणासाठी मावळ्यांची गावं बुडाली आणि सेनापती बापटांनी १९२१ मध्ये सत्याग्रह उभारला. भिऱ्यातून सुटलेलं पाणी आजही कुंडलिकेतून कोलाड-रोह्याकडे वाहतं. पुढे आमच्या पेण तालुक्यानं महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमिनी द्यायला नकार देताना पुन्हा तोच प्रश्न विचारला, की प्रकल्प कुणासाठी आणि जमीन कुणाची. छपरावरच्या विजेसाठी कुणाचं शेत जात नाही, कुणाचं गाव बुडत नाही. ती आधी त्याच घरात वापरली जाते. मला ही वीज सर्वांत न्याय्य वाटते ती यासाठी.

आता पुन्हा आषाढाचा प्रश्न. नेट मीटरिंगमध्ये जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात जमा होतात, आणि हे खातं १ एप्रिल ते ३१ मार्च असं चालतं. कोकणाला हे विलक्षण सोयीचं आहे. खातं उघडतं तेच चैत्र-वैशाखाच्या उन्हात. पावसाआधी आपण सुकी मासळी, पापड, लाकूडफाटा भरून ठेवतो, त्या आगोटीसारखीच ही उन्हाची बेगमी. ३ किलोवॅटचा संच कडक उन्हात दिवसाला बारा युनिटांच्या आसपास देतो. म्हणजे एप्रिल-मे मिळून सातशेच्या घरात. घरानं त्यातली साडेचारशे वापरली, तर उरलेली अडीचशे जुलै-ऑगस्टच्या बिलातून वजा होतात, जेव्हा संचाची निर्मिती निम्म्यावर आलेली असते. मात्र ३१ मार्चला जे शिल्लक राहील ते वीज कंपनी ठरलेल्या दरानं विकत घेते, आणि तो दर सहसा आपण भरतो त्याहून कमी असतो. म्हणून वर्षाच्या वापरापेक्षा मोठा संच बसवण्यात अर्थ नाही.

दुसरी बचत टप्प्यांची. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पायऱ्यांनी चढतो, आणि दुसऱ्या पायरीचा दर पहिलीपेक्षा बराच जास्त आहे. पॅनेल आधी वरच्या, महागड्या पायरीवरची युनिटं कापतं. म्हणून महिन्याला साठ-सत्तर युनिट जाळणाऱ्या घराला फारसा लाभ नाही, साडेतीनशे जाळणाऱ्याला मोठा आहे. बिल अगदी शून्यही होत नाही, स्थिर आकार राहतोच.

काही गोष्टी विकणारे सांगत नाहीत. नेहमीचा तारेला जोडलेला संच वीज गेली की स्वतःही बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ही सोय केलेली असते आणि ती योग्यच आहे. पण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर जिल्ह्यातली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तशा वेळी बॅटरीविना हे पॅनेल उपयोगी पडत नाही. त्याच वादळानं किती पत्रे उडाले तेही आपण पाहिलं आहे. त्यामुळे सांगाडा खाऱ्या हवेत न गंजणारा आणि पक्क्या स्लॅबला नीट जखडलेला हवा. जुन्या कौलांवर हा भार टाकू नये. माडाची सावली पडत असेल तर जागा बदलावी. मूर्ती घासताना उडणारी पांढरी भुकटी पॅनेलवर बसते, ती उन्हाळ्यात वरचेवर धुवावी लागते. आणि अनुदान फक्त घरगुती जोडणीला आहे. कारखान्याचं मीटर वेगळं असेल तर त्याला ते मिळत नाही, हे अर्ज करण्याआधीच पाहावं.

बसवायचं ठरलंच असेल तर गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा, त्यांतल्या युनिटांची बेरीज करा आणि वर्षाला तेवढीच वीज देणारा संच मागा. अर्ज दिवाळीनंतर लगेच करा. मीटर बदलून होईपर्यंत वेळ जातो, आणि संच १ एप्रिलच्या आत चालू झाला तर चैत्राचं पूर्ण ऊन पावसाळ्याच्या खात्यात जमा होईल.