लिहिण्याची जागा

काळाचौकीच्या परिसरांत गिरण्यांचे भोंगे थांबून आतां बराच काळ लोटला. चाळींच्या जागीं उंच इमारती उठत आहेत, आणि २०२० सालच्या महामारीनें कचेरी घरांत आणून बसविल्यापासून तेथील बिऱ्हाडांना एक नवी गरज भासूं लागली आहे : घरच्या घरीं कामास बसण्याची स्वतंत्र जागा. ती जुन्या थाटानें सजवावी अशी हौस पुष्कळांना असते. मग चोरबाजाराची फेरी होते. शिसवी टेबल, वेताच्या बैठकीची खुर्ची, पितळी दिवा आणि ज्यावर कोणी एक अक्षर उमटविणार नाहीं असें टंकलेखनयंत्र, एवढें सामान आलें कीं खोली जुनी झाली! हौसेला नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु हें जुनेपण नेमकें कोणाचें, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला टाळतां येत नाहीं.

टेबल-खुर्ची ही मराठी लेखनाची मूळची बैठक नव्हे. पेशवाईच्या फडावर कारकून जाजमावर बसत, गुडघा उभा करून त्यावर कागद धरीत आणि बोरूनें मोडी लिहीत. मोडीची धांवच अशी कीं, आधीं ओळीची आडवी रेघ ओढून ठेवावयाची आणि मग हात शक्य तों न उचलतां तिला अक्षरें लटकवीत जावयाचें. ओली शाई टिपण्यास बारीक वाळू. काम संपलें कीं कागद रुमालांत बांधले, कलमदान मिटलें. कचेरी उठली आणि जागा मोकळी झाली. पुण्याच्या पेशवे दप्तराची इमारत १८९१ सालीं पुरी झाली. तेथें असे सुमारें ३९ हजार रुमाल आहेत. तो पसारा ज्यांनीं लिहिला, त्यांपैकीं एकेकाचें सामान काखेंत मावण्याजोगें होतें. व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर फार तर उतरत्या झांकणाची एक बुटकी पेटी असे. तीही मांडी घालून बसणाऱ्याच्याच बेताची.

खुर्ची आली ती साहेबाच्या कचेरींतून. वेताची विणलेली बैठक ही केवळ शोभा नव्हती. मुंबईच्या दमट हवेंत गादी कुजते, वेतांतून वारा खेळतो. येथील सुतारांनीं शिसवावर दाट कोरीव काम करून एकोणिसाव्या शतकांत या सामानाला मुंबईचाच म्हणून ओळखला जाणारा एक घाट दिला, हें त्यांचें कसब मान्य केलेंच पाहिजे. पण गिरणींत काम करणाऱ्या माणसाला तें टेबल दिसे तें बहुधा पगाराच्या खिडकीपलीकडे.

त्याची स्वतःची लिहिण्याची जागा कोणती? काळाचौकीला लागूनच शिवडी. तेथील बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या दशकांत उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यांत कुटुंब, पाहुणे आणि कधीं गांवचे चार जण. टेबल ठेवावें तर एका माणसाच्या निजण्याची जागा जाई. म्हणून पत्र्याची ट्रंक हेंच टेबल. कोंकणांत खुशालीचें पत्र धाडावयाचें असलें म्हणजे गाळ्यांतला एखादा लिहिणारा ट्रंकेशीं बसे आणि बाकीचे पाळीपाळीनें मजकूर सांगत. पेरणी, कर्ज, बायकोचें दुखणें, सारें चारचौघांच्या कानांदेखत त्या पत्र्यावर उतरे. खासगी असें कांहीं लिहितां येण्यास स्वतंत्र खोली लागते, ही गोष्ट आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं.

परळांतच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें विद्यार्थिदशेंतील वाचन झालें तें डबक चाळींतील एका खोलींत. सर्वांना निजण्यापुरती जागा नाहीं, म्हणून वडील दोन वाजेपर्यंत जागत, मग मुलाला उठवीत आणि त्याच्या जागीं आडवे होत. मुलगा मिणमिणत्या दिव्याशीं बसे. जवळ जातें आणि बकरी. १९०७ सालीं तो मॅट्रिक झाला. पुढें बिऱ्हाड परळच्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींत गेलें, तेथें दोन खोल्या. सार्वजनिक कामाच्या कचेरीसाठीं बाबासाहेबांनीं दामोदर हॉलचा आश्रय केला. तेथेंच १९२४ सालीं बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. ग्रंथांना प्रशस्त घर मिळालें तें दादरच्या राजगृहांत, वयाची चाळिशी उलटल्यावर.

तेव्हां काळाचौकींतील खोली जुन्या वळणाची करावयाची तर तींत काय असावें? एक पोलादी कपाट तर असावेंच. १८९७ सालीं अर्देशीर गोदरेज यांनीं कुलुपें करण्यास आरंभ केला तो शेजारच्या लालबागेंत, २१५ चौरस फुटांच्या शेडमध्यें. म्हणजे चाळीच्या एका खोलीहून थोड्या मोठ्या जागेंत म्हणा ना! १९२३ पासून त्यांचीं पोलादी कपाटें निघूं लागलीं. शिसवाहून तें वयानें लहान खरें, पण या वस्तीच्या नात्यांतलें. टेबलासाठीं चोरबाजार गांठण्याचेंही कारण नाहीं. जुनी इमारत पाडली कीं तिचें सागवान जुन्या लांकडाच्या वखारींत येतें. त्यांतली एक रुंद फळी भिंतीला बिजागऱ्यांनीं लावावी, म्हणजे काम संपल्यावर ती मिटतां येईल, फड उठे तशी.

आणि माळ्यावर आजोबांची ट्रंक असेल तर ती खालीं उतरवावी. गंज घासावा, परंतु झांकणावर रंगानें घातलेलें नांव व गांव असेल तर तें मात्र घासूं नये. भाऊच्या धक्क्यावर, बोटीच्या गर्दींत, एकसारख्या ट्रंकांतून आपली ओळखावयाची ती त्याच अक्षरांवरून.