अशनीतील ताऱ्यांची धूळ

हेलियमपेक्षा जड बहुतेक मूलद्रव्ये ताऱ्यांत घडतात, हे तुम्ही शाळेपासून वाचत आला आहात. ते कशावरून मानायचे, हे मात्र क्वचितच विचारले जाते. १९५७ साली मार्गारेट व जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल (जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू) यांनी हा सिद्धांत सविस्तर मांडला, तेव्हा त्यांच्या हाती ताऱ्याचा एक कणही नव्हता. मूलद्रव्यांच्या विपुलतेची कोष्टके, अणुकेंद्रीय अभिक्रियांची मोजमापे आणि वर्णपट, एवढीच सामग्री होती. त्यांतला सर्वांत बोलका पुरावा पॉल मेरिल यांचा. १९५२ साली त्यांनी काही तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियमच्या रेषा असल्याचे दाखवले. या मूलद्रव्याचे एकही समस्थानिक स्थिर नाही. सर्वांत टिकाऊ असलेलेही सुमारे ४२ लाख वर्षांत निम्मे होते. ताऱ्यांचे वय त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे ते तिथेच आणि अलीकडेच बनलेले असले पाहिजे.

अशनींचे अभ्यासक मात्र वेगळ्या समजुतीत होते. सौरमाला घडताना सगळी धूळ तापून वाफ झाली आणि एकजीव झाली, असे मानले जाई. तसे असेल तर वेगवेगळ्या ताऱ्यांच्या खुणा उरणारच नाहीत. म्हणून १९६४ साली बर्कलीच्या जॉन रेनॉल्ड्स व ग्रेनव्हिल टर्नर यांना रेनाझो अशनीत झेनॉनच्या समस्थानिकांचे विचित्र प्रमाण आढळले, तरी त्याचे कारण पुष्कळांनी सौरमालेच्या आतच शोधले. शिकागोचे एडवर्ड अँडर्स तर एखाद्या नष्ट झालेल्या अतिजड मूलद्रव्याच्या विखंडनातून हा झेनॉन आला, असे दीर्घकाळ सांगत होते. गंमत अशी, की ही समजूत मोडण्यात त्यांचाच मोठा वाटा आहे.

१९७८ साली बी. श्रीनिवासन आणि अँडर्स यांनी मर्चिसन अशनीतल्या झेनॉनचा अहवाल दिला. त्यात १२८ आणि १३० ही समस्थानिके जास्त होती. हे का महत्त्वाचे, ते नीट पाहा. न्यूट्रॉन झपाट्याने शोषून बनलेली अणुकेंद्रे बीटा-ऱ्हासाने स्थिर होत जातात. पण १२८ आणि १३० या वस्तुमानांवर टेल्युरियम आधीच स्थिर असल्याने ती साखळी तिथे थांबते, झेनॉनपर्यंत पोहोचत नाही. ही दोन समस्थानिके मुख्यतः न्यूट्रॉनच्या संथ शोषणातूनच येतात, आणि ते घडते तांबड्या राक्षसी ताऱ्यांत.

मग वायू धरून ठेवणारा कण कोणता? अँडर्स यांच्या शब्दांत सांगायचे, तर सुई शोधण्यासाठी गवताची गंजीच जाळायची. अशनीचे तुकडे तीव्र आम्लांत विरघळवून उरलेला गाळ तपासला गेला. १९८७ साली त्यात आधी सूक्ष्म हिरे आणि मग सिलिकॉन कार्बाइडचे कण सापडले. संथ प्रक्रियेचा झेनॉन सिलिकॉन कार्बाइडमध्ये होता. हे कण सूर्याहून जुने आहेत. काही तर अतिनवताऱ्यांतून आलेले आहेत.

आता मेरिल यांच्याकडे परत या. टेक्नेशियम-९९ चे रूपांतर रुथेनियम-९९ मध्ये होते. २००४ साली मर्चिसनमधील सिलिकॉन कार्बाइडच्या एकेका कणातले रुथेनियम मोजले गेले, तेव्हा ९९ चे प्रमाण अपेक्षेहून जास्त भरले. जादा भाग टेक्नेशियमचा होता. कण ताऱ्याभोवती गोठला तेव्हा ते त्यात जिवंत होते.

हिऱ्यांचे कोडे मात्र सुटलेले नाही. ते इतके लहान आहेत, की एकेकट्या हिऱ्यातले झेनॉन मोजताच येत नाही, आणि त्यांतले किती खरोखर ताऱ्यांचे यावर वाद चालूच आहे.