नॉरशोपिंग : नदीकाठची इस्त्री आणि अम्मीच्या कांड्या

गेल्या उन्हाळी सुट्टीत स्वीडनला जाऊन आलो. भाचा तिथे शिकतो. "मामू, एकदा या तरी," असा त्याचा दोन वर्षे आग्रह होता. मी उर्दू-मराठी शिकवणारा मास्तर. परदेश म्हणजे माझ्यासाठी भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा. पण पासपोर्ट निघाला, व्हिसा मिळाला, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मी स्टॉकहोमहून रेल्वेने नैर्ऋत्येकडे निघालो. सुमारे दीड तासाने उतरलो ते शहर म्हणजे नॉरशोपिंग.

नावापासूनच सुरुवात करतो, कारण मास्तरची सवय जात नाही. लिहिताना या नावात 'क' येतो, पण बोलताना त्याचा 'श' होतो. 'शोपिंग' म्हणजे बाजाराचे गाव, आपल्याकडची पेठ. 'नॉर' म्हणजे उत्तर. म्हणजे ही झाली उत्तरेची पेठ. थोड्या अंतरावर 'सोडरशोपिंग' नावाचे लहान गाव आहे, ती दक्षिणेची पेठ. पेठांची नावे ठेवण्यात माणसे सगळीकडे सारखीच, हे पाहून बरे वाटले.

शहरात शिरलो आणि आधी कानांना जाणवले ते पाणी. मोताला स्ट्रोम नावाची नदी शहराच्या मधोमध वाहते, आणि वाहते म्हणण्यापेक्षा पायऱ्या उतरते. पुलावर उभे राहावे तर एका बाजूला धबधबा, पुढच्या पुलावर जावे तर तिथे दुसरा. दोन्ही काठांना विटांच्या उंच भिंती थेट पाण्यातून वर आलेल्या. भाचा म्हणाला, "हिवाळ्यात या धबधब्यांवर दिवे सोडतात." मी मात्र जूनमध्ये गेलो होतो. रात्री दहाच्या सुमारास मगरिबची वेळ होत होती आणि चार वाजायच्या आत सूर्य पुन्हा वर. दिव्यांची गरजच नव्हती.

या नदीचे रहस्य तिच्या उगमात आहे. ती वेटर्न या प्रचंड सरोवरातून निघते आणि वाटेत आणखी तीन सरोवरांतून जाते. त्यामुळे तिचे पाणी आपल्या नद्यांसारखे पावसाळ्यात अंगावर येत नाही आणि उन्हाळ्यात आटत नाही. वर्षभर भरवशाचे पाणी, आणि समुद्राला मिळण्याच्या अगदी आधी उतार. वर यंत्र फिरवायला पाण्याची ताकद, खाली माल न्यायला बंदर. कारखानदाराला आणखी काय हवे?

शहराला सनद मिळाली 1384 मध्ये. 1609 मध्ये नदीतल्या एका बेटावर होल्मेन नावाचा कारखाना सुरू झाला. पण शहराला खरा आकार दिला तो लुई द येर या व्यापाऱ्याने. तो मूळचा लिएजचा, म्हणजे आजच्या बेल्जियमचा. 1627 मध्ये तो स्वीडनला आला. शस्त्रे, पितळ, कापड असे त्याचे कारखाने उभे राहिले. युरोपात तेव्हा तीस वर्षांचे युद्ध पेटले होते आणि तोफा-बंदुकांना गिऱ्हाईक कमी नव्हते. जुन्या चौकात त्याचा पुतळा आहे, आणि नदीकाठच्या ज्या संगीत सभागृहाला त्याचे नाव आहे ते जुन्या कागद कारखान्याच्या जागेत आहे.

पुतळ्यासमोर फोटो काढताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. 1649 मध्ये स्वीडिश आफ्रिका कंपनी निघाली, तिच्यामागे याच द येरचा पैसा होता. त्या कंपनीने पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ठाणे उभारले आणि तिथल्या व्यापारात माणसांची खरेदी-विक्रीही होती. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. इतिहासातल्या मोठ्या माणसांना पूर्ण पाहावे, अर्धे नव्हे, एवढेच म्हणणे. आपल्या घरच्या मोठ्या माणसांनाही हाच नियम लावावा लागतो, म्हणून तो अवघड आहे.

1719 च्या उन्हाळ्यात रशियन सैन्याने हे शहर जाळून टाकले. राखेतून ते पुन्हा उभे राहिले. 1758 मध्ये इथे एक वर्तमानपत्र सुरू झाले, जे आजही निघते आणि स्वीडनमधले चालू असलेले सर्वांत जुने वर्तमानपत्र आहे. 1782 ची गोष्ट मला विशेष वाटली. त्या वर्षी स्वीडनच्या राजाने ज्यूंना फक्त तीन शहरांत राहायची परवानगी दिली. त्यात स्टॉकहोम आणि गोटेनबर्गबरोबर नॉरशोपिंग होते. परवानगीला अटी होत्या, बहुतेक नागरी हक्क मिळायला 1870 उजाडावे लागले. तरीही या लोकांनी इथे कापड आणि छपाईचे धंदे उभे केले. 1858 मध्ये बांधलेले त्यांचे प्रार्थनागृह अजून उभे आहे. अल्पसंख्याकाला आधी उपयोगी म्हणून जागा मिळते आणि बरोबरीचा म्हणून फार उशिरा, हे मी त्या दारासमोर उभा राहून मनाशी म्हटले.

एकोणिसाव्या शतकात पाणचक्क्यांच्या जागी मोठ्या गिरण्या आल्या. लोकर, सूत, कापड. शहराला 'स्वीडनचे मँचेस्टर' म्हणू लागले. गिरणीत बायका आणि मुले मोठ्या संख्येने होती, कारण त्यांना मजुरी कमी द्यावी लागे. 1881 मध्ये स्वीडनने बारा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात ठेवायला बंदी केली. हे वाचताना मला आपला 1881 आठवला. त्याच वर्षी ब्रिटिशांनी हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा केला. त्यात वयाची अट होती सात वर्षे! सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तास काम. वर्ष एकच, पण एका मुलाचे बालपण बारापर्यंत आणि दुसऱ्याचे सातपर्यंत. पुढे नववी-दहावीला हा धडा शिकवताना दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचे, हे मी तिथेच ठरवले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. नदीच्या मधोमध एका छोट्या बेटावर सात मजली, सात बाजूंची पिवळसर इमारत आहे. पाण्यातूनच उगवल्यासारखी दिसते. गावकरी तिला 'स्ट्रीकयार्नेत' म्हणतात, म्हणजे इस्त्री, कारण आकार तसा टोकदार आहे. 1917 मध्ये ती होल्मेनची कापड गिरणी म्हणून पुरी झाली. त्याच वर्षी वसंतात स्वीडनच्या अनेक शहरांत लोक भाकरीसाठी रस्त्यावर उतरले होते. दोन वर्षांनी आठ तासांचा दिवस आला आणि 1921 च्या निवडणुकीत बायकांनी पहिल्यांदा संसदेसाठी मत दिले.

1950 नंतर गिरण्या बंद पडू लागल्या. बाहेरून स्वस्त कापड येत होते, इटलीतून तर फारच. देशातले दुसरे कारखाने जास्त पगार देत होते. 1970 मध्ये शेवटची मोठी लोकर गिरणी बंद झाली, 1986 मध्ये नदीकाठचा कागद कारखाना. काही इमारती पाडल्या गेल्या. मग लोकांनी विचार केला की बाकीच्या ठेवायच्या. आज तिथे विद्यापीठाचे वर्ग भरतात, भाचा ज्या इमारतीत शिकतो तिच्या भिंती गिरणीच्याच आहेत. आणि इस्त्रीत 1991 पासून 'कामाचे संग्रहालय' आहे. कामगार संघटना आणि सहकारी चळवळ यांनी मिळून ते उभे केले. आत जायला तिकीट नाही.

तिथे अल्वा नावाच्या एका बाईवर कायमचे प्रदर्शन आहे. अल्वा राणी नव्हती, पुढारीही नव्हती. याच इमारतीत ती 35 वर्षे सूत गुंडाळायचे काम करत होती. बस्स, एवढेच. तिचे आयुष्य, तिचे काम, तिचा काळ असे सगळे तिथे मांडले आहे.

मी तिथे थांबलो तो थांबलोच. भाचा पुढे गेला आणि परत आला. "मामू, काय झालं?"

मी मालेगावचा. 1857 च्या बंडानंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांच्या वस्तीत वाढलो. अब्बा दुसऱ्याचे माग चालवायचे, बारा तासांची पाळी. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान पन्नाशीतच गेले. आम्ही घरात मोठ्याने बोलायचो, लोकांना वाटायचे भांडण चालू आहे. आणि अम्मी घरी कांड्या भरायची. धोट्यात जी सुताची कांडी बसते ती. चुलीवर डाळ, मांडीशी लहान भाऊ, आणि हात कांडीवर. किती वर्षे? मी कधी मोजली नाहीत. शाळेच्या अर्जात 'आईचा व्यवसाय' या रकान्यात मी 'घरकाम' लिहायचो. अम्मीनेच तसे सांगितले होते. पुढे डीएड, बीएड केले, तेव्हाही तेच लिहिले.

आणि इथे हजारो मैलांवर, अम्मीचेच काम करणाऱ्या एका बाईला तिच्या नावाने जागा दिलेली.

तिथले सगळे सोन्याचे आहे असे मला म्हणायचे नाही. इमारती वाचल्या, पण गिरणीतली ती नोकरी कोणाचीच वाचली नाही. आज त्या खिडक्यांमागे लोक कॉफी पितात. फरक एवढाच की गिरण्या बंद होताना तिथे कामगाराला दुसरे काम शिकवण्याची सरकारी व्यवस्था होती आणि नंतर त्याची आठवणही जपली गेली. आपल्या मुंबईत 18 जानेवारी 1982 ला जो संप सुरू झाला त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले. त्या अडीच लाखांपैकी किती जणांची नावे आपल्याला माहीत आहेत? आणि गिरणीच्या बाहेर, घरात बसून कांड्या भरणाऱ्या बायका तर कोणत्याच हजेरीपटावर नव्हत्या.

त्या संध्याकाळी नदीकाठच्या बाकावर बसून घरी फोन लावला. तिकडे मध्यरात्र होत आली होती, पण अम्मीला झोप कमीच. विचारले, "अम्मी, तू कांड्या कधीपासून भरत होतीस?"

ती हसली. "हे विचारायला एवढ्या लांबून फोन केलास?" मग थोडे थांबून म्हणाली, "लग्नाच्या आधीपासून. दहा वर्षांची असेन."

दहा वर्षांची. फळ्यावर लिहायचे दोन आकडे होते, आता तिसराही झाला.

शाळा सुरू झाल्यावर मी आठवीच्या मुलांना गृहपाठ दिला : घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा, तिने आयुष्यात कोणकोणती कामे केली, कोणत्या वयापासून, आणि पैसे कोणाच्या हातात मिळाले. उर्दूत लिहा नाहीतर मराठीत, पण तिचे नाव वर लिहा. एकेचाळीस वह्या आल्या. त्यातल्या सव्वीस वह्यांत कांड्या आहेत.

वह्या मी परत दिल्या नाहीत. मुलांना विचारून ठेवून घेतल्या आहेत. सध्या त्या शिक्षकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात आहेत. आपले संग्रहालय अजून तेवढेच.